क्लच नसलेली बस आणि चालकांसाठी एक वर्ग : कुर्ल्याच्या डॉन बॉस्को संकुलाच्या व्यवस्थापनास खुले पत्र

आदरणीय फादर आणि व्यवस्थापन मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

कुर्ला पश्चिमेच्या आपल्या संकुलाचा पत्ता प्रीमिअर ऑटोमोबाईल्स रस्ता असा लिहिला जातो. ज्या कारखान्यावरून या रस्त्याला नाव पडले, त्यातूनच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी बाहेर पडत असे. आधी फियाट ११०० आणि १९७४ पासून प्रीमिअर पद्मिनी या नावाने. ही गाडी मूळची इटलीतल्या तुरीन शहराची, कारण फियाट कंपनी तिथे १८९९ मध्ये स्थापन झाली. ज्या संत जॉन बॉस्को यांच्या नावाने आपल्या संस्था चालतात, त्यांच्या पहिल्या कार्यशाळाही त्याच तुरीनमधल्या वाल्दोक्को या वस्तीत १८५३ मध्ये सुरू झाल्या. एका शहरातून निघालेल्या या दोन गोष्टी कुर्ल्यातल्या एका पत्त्यावर एकत्र याव्यात हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगाच्या आधारे कोणाकडे काही मागता येत नाही, हे मला कळते. मी जे मागणार आहे त्याचा आधार वेगळा आहे. तो आपल्या संस्थेच्या इतिहासातच सापडतो.

मागणी अशी आहे की नोकरीत असलेल्या बस, टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांच्या चालकांसाठी आपल्या संकुलात एक वर्ग सुरू करावा, जिथे नव्या बनावटीच्या वाहनांची ओळख त्यांना मालकाच्या नजरेआड, चुका करत, प्रश्न विचारत आणि पगाराला धक्का न लागता करून घेता येईल. सार्वजनिक वाहतुकीच्या एका आगारात चालकांना शिकवण्याचे काम मी निवृत्त होईपर्यंत केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आज या शहरात चालकाला नवे वाहन देणारे पुष्कळ आहेत, ते त्याने वापरलेच पाहिजे असे सांगणारे त्याहून अधिक आहेत, पण ते त्याला शांतपणे समजावून देणारी, त्याच्यावर मालकी नसलेली जागा मात्र कुठेच नाही.

चालक नव्या तंत्राला विरोध करतो, असे सरसकट बोलले जाते. मुंबईचा अनुभव तसे सांगत नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि त्यातून शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आणण्याचे आदेश निघाले, तेव्हा स्टँडवर आरडाओरड झाली हे खरे. किटचा खर्च डोक्यावर आला, डिकीत टाकी बसल्याने प्रवाशाचे सामान ठेवायला जागा उरली नाही, चढावर गाडी ओढत नव्हती, गॅस भरायला रांगेत तासन्‌तास जात होते, आणि टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागणार होती. तरीही काही वर्षांत हाच चालक सीएनजीचा पक्का समर्थक झाला, आणि त्यासाठी त्याला कोणी पर्यावरणावर व्याख्यान द्यावे लागले नाही. संध्याकाळी हिशेब करताना इंधनाच्या खर्चातला फरक त्याच्या खिशात उरत होता. रांगेत थांबण्याचा त्रास आणि दिवसाअखेरची बचत यांचे गणित त्याने स्वतः मांडले आणि ते पटल्यावर बदल स्वीकारला. फास्टॅगचेही थोड्याफार फरकाने असेच झाले. सुरुवातीची कुरकुर नाक्यावरचा वेळ वाचू लागल्यावर आपोआप थांबली.

इलेक्ट्रॉनिक मीटरची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. टॅक्सीच्या बॉनेटपाशी बसवलेला जुना यांत्रिक मीटर गल्लीतला मिस्त्री उघडून दुरुस्त करत असे. त्याच मिस्त्रीच्या हाताने तो 'फास्ट'ही होत असे आणि प्रवाशाचा चालकावरचा विश्वास उडत असे, हेही तितकेच खरे. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले, तेव्हा संघटनांनी शेवटपर्यंत विरोध केला. त्या विरोधात स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. पण मीटर विकत घ्यायचा चालकाने, तो बिघडला तर उघडण्याचा अधिकार नाही, आणि त्याचा फायदा प्रथम मिळणार प्रवाशाला, अशी ती व्यवस्था होती. शेवटी सक्तीपुढे मान तुकवावी लागली. पुढे भाडेपत्रक काढून आकड्यांची पडताळणी करण्याची कटकट कमी झाली, प्रवाशांशी होणारे वादही घटले, आणि आज जुना मीटर परत हवा असे म्हणणारा चालक मला तरी भेटत नाही. मधली भांडणाची वर्षे मात्र टाळता आली असती, असे माझे मत आहे. चालकाला सक्तीची नोटीस मिळण्याआधी ते यंत्र कोणी हातात देऊन दाखवले असते, तर निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या.

वेगनियंत्रकाचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे स्वीकार झालेलाच नाही. नियमाने ते यंत्र गाडीत असते, पासिंगच्या दिवशी चालूही असते, आणि त्यानंतर पुष्कळदा त्याची वायर काढलेली सापडते. याचा दोष चालकाच्या बेशिस्तीला देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्याची कमाई फेऱ्यांवर मोजली जाते, त्याच्या गाडीत वेग रोखणारे यंत्र बसवणे आणि त्याच्या फेऱ्यांची अपेक्षा तशीच ठेवणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. यंत्र वाईट असल्यामुळे ते नाकारले जात नाही. ते त्याच्या पोटाशी भांडते म्हणून नाकारले जाते. आता याच मालिकेत पुढचे पाऊल येऊ घातले आहे. आठपेक्षा अधिक प्रवासी नेणारी वाहने आणि मालवाहू वाहने यांत आपोआप लागणारा ब्रेक, मार्गिका सुटल्याचा इशारा आणि चालकाला डुलकी लागते आहे हे ओळखणारी यंत्रणा बसवण्याचा मसुदा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये काढला. डुलकी ओळखायची तर यंत्राने चालकाच्या डोळ्यांवर आणि चेहऱ्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. रात्रपाळीत हे यंत्र जीव वाचवू शकते, याविषयी मला शंका नाही. पण कॅमेऱ्यात दिसणारे चित्र कोणाकडे जाते, जांभई आली म्हणून पगार कापला जाईल का, आणि सलग चौदा तास गाडी चालवायला लावणाऱ्या मालकालाही हे यंत्र काही सांगते का, ही उत्तरे मिळेपर्यंत त्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकला जाईल, हे मी आजच सांगून ठेवतो.

आता ज्या घटनेमुळे हे पत्र लिहावेसे वाटले तिच्याकडे येतो. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री आपल्याच कुर्ला पश्चिमेत, एस. जी. बर्वे मार्गावर, बेस्टसाठी भाडेतत्त्वावर चालणारी एक इलेक्ट्रिक बस भरधाव जाऊन अनेक वाहनांवर आणि पायी चालणाऱ्या माणसांवर आदळली. किमान सात जणांचा जीव गेला आणि कित्येक जखमी झाले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे आणि कोणाचा किती दोष हे ठरवणे माझे काम नाही. मात्र चालकाला याआधी क्लच-गिअरच्या लहान गाड्यांचा अनुभव होता आणि बारा मीटर लांबीच्या या स्वयंचलित बसचे प्रशिक्षण त्याला अगदी थोडे मिळाले होते, हे त्या दिवसांत सर्वत्र छापून आले. ते वाचून मला धक्का बसला नाही, आणि याचेच मला अधिक वाईट वाटले.

क्लचच्या बसवर वीस वर्षे काढलेल्या माणसाच्या पायांना काय सवय लागते, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटते. अशा बसमध्ये डावा पाय क्लचवर आणि उजवा पाय रेस व ब्रेक यांच्यात फिरत असतो. समोर अचानक कोणी आले की दोन्ही पाय एकाच वेळी खाली जातात, डावा क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटतो. म्हणून गोंधळात उजवा पाय ब्रेकऐवजी रेसवर पडला, तरी इंजिन नुसते ओरडते आणि बस पुढे झेपावत नाही. चालकाला हे कोणी शिकवलेले नसते. ते त्याच्या अंगात भिनलेले असते, आणि कित्येक वेळा त्यानेच त्याला वाचवलेले असते. इलेक्ट्रिक बसमध्ये क्लच नाही, त्यामुळे हे संरक्षणही नाही. शिवाय विजेची मोटार थांबलेल्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते. डिझेल इंजिनाप्रमाणे हळूहळू ताकद वाढण्याची वाट तिला पाहावी लागत नाही. रेसवर पडलेला चुकीचा पाय तिथे थेट धक्का देतो, आणि घाबरलेला माणूस ब्रेक समजून तोच पाय आणखी जोरात दाबतो.

याच्या उलट, रेसवरून पाय नुसता उचलला तरी मोटार उलटी वीज बनवू लागते आणि बस आपोआप मंदावते. जुन्या चालकाला पहिल्या दिवशी हे ब्रेक अडकल्यासारखे वाटते आणि तो पुन्हा रेस देतो. त्यात इंजिनाचा आवाज नाही. अनुभवी चालक वेग काट्यावर क्वचित पाहतो, तो कानाने ओळखतो. हा कान इथे निकामी होतो. रस्त्यावरच्या माणसालाही बस येत असल्याचे ऐकू येत नाही, आणि कुर्ला स्टेशनबाहेर, जिथे माणसे रस्त्यातूनच चालतात, तिथे याचा अर्थ काय होतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. एवढे सगळे बदललेले असताना आपल्या परवाना-पद्धतीत क्लचची बस आणि क्लच नसलेली बस असा भेद केला जात नाही. कागदावर तो चालक दोन्ही बस चालवायला सारखाच लायक असतो.

हे शिकायला अवघड नाही. आठवडाभर मोकळ्या मैदानात, आधी उभ्या गाडीत आणि मग रिकाम्या गाडीत पायांचा सराव करून घेतला, की बहुतेकांचे पाय नव्या जागा धरतात. पण हा सराव चालकाच्या पाळीतून वेळ काढून, बदलीला थांबलेल्या दुसऱ्या चालकाच्या डोळ्यांदेखत आणि 'जमत नाही' म्हटले तर काम जाईल या भीतीखाली होत असेल, तर तो होत नाही. फक्त रजिस्टरमध्ये त्याची नोंद होते. भाडेतत्त्वावरच्या बसचा चालक कंत्राटदाराचा नोकर असतो आणि बसमार्ग बेस्ट उपक्रमाचा असतो. त्याला शिकवण्याची जबाबदारी दोघांच्या मध्ये कुठे पडते, हे त्याला स्वतःलाही माहीत नसते. 'मला ही गाडी समजली नाही' हे वाक्य तो ज्याच्यापाशी निर्भयपणे उच्चारू शकेल, असा माणूस त्याच्या नोकरीच्या साखळीत नाहीच.

इथे आपल्या संस्थेचा इतिहास माझ्या कामी येतो. मी ख्रिस्ती नाही आणि आपल्या शाळेचा विद्यार्थीही नाही. जे वाचले त्यावरून लिहितो आहे. १८४० च्या दशकात खेड्यांतून तुरीनला येणारी मुले गवंड्यांच्या हाताखाली, सुतारांकडे आणि कारखान्यांत राबत होती. या मुलांसाठी तरुण धर्मगुरू बॉस्को यांनी रविवारची आणि मग संध्याकाळची शाळा काढली, कारण दिवसा त्यांना सवड नव्हती. त्याच सुमारास तुरीन ज्या राज्यात होते त्या राज्याने १ जानेवारी १८५० पासून जुनी वजने-मापे बंद करून दशमान पद्धत सक्तीची करण्याचे ठरवले. गवंडी, शिंपी, सुतार या सगळ्यांच्या हातातले माप एका दिवसात बदलणार होते. सरकारचे काम हुकूम काढून संपले होते. बॉस्को यांनी नव्या मापांवर सोप्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती १८४९ मध्ये छापली गेली, आणि त्या वर्षाअखेरीस याच विषयावरचे संवाद मुलांकडून रंगमंचावर करवून घेतले, म्हणजे पाहणाऱ्यांनाही हसत हसत हिशेब समजावा. वरून लादलेल्या नव्या पद्धतीला कष्टकऱ्याने कसे सामोरे जावे, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर मी अन्य कुठल्या शाळेच्या इतिहासात पाहिलेले नाही.

त्याहून मोलाचा मला त्यांचा करारनामा वाटतो. १८५१-५२ मध्ये त्यांनी शिकाऊ मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. त्यांतला ८ फेब्रुवारी १८५२ चा एका सुतार मालकाशी झालेला करार प्रसिद्ध आहे. मालकाने मुलाला त्याच्या धंद्याचेच काम शिकवावे, घरगड्यासारखे राबवू नये. चूक झाली तर शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. रविवार आणि सणाचे दिवस मोकळे ठेवावेत. मजुरी वर्षागणिक वाढवावी. त्या बदल्यात मुलाच्या वागणुकीची हमी स्वतः बॉस्को घेत होते आणि कागदावर मालक, मुलगा, त्याचा पालक यांच्यासह त्यांचीही सही होती. शिकणारा आणि मालक यांच्या मध्ये तिसरा कोणीतरी उभा राहिला, ज्याला त्या मुलाच्या मजुरीतून काही मिळवायचे नव्हते. स्वतःच्या कार्यशाळा त्यांनी त्यानंतर काढल्या. आधी चांभारकाम आणि शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम. १८५९ मध्ये आपल्या संस्था चालवणारा सालेशियन संघ स्थापन झाला, १९०६ मध्ये त्याचे सभासद तंजावरला आणि १९२८ मध्ये मुंबईत आले. माटुंग्याची शाळा तर मुंबईत सर्वांना ठाऊक आहे. पण या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतला माझ्या मते सर्वांत धाडसी कागद तो सुताराचा करारच आहे.

आपण म्हणाल की आमचे काम तरुणांसाठी आहे, चाळिशीतल्या बसचालकांसाठी नाही. यावर माझे म्हणणे असे की भाडेतत्त्वावरच्या बसवर आज जे चालक दिसतात, त्यांतले कित्येक पंचविशी-तिशीतले आहेत, गावाहून आलेले आहेत आणि कुर्ला, गोवंडी, साकीनाक्याच्या भाड्याच्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहतात. तुरीनला येणारा गवंड्याचा पोरगा याहून वेगळा नव्हता. इलेक्ट्रिक वाहनांच्या मेकॅनिकसाठी आता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, म्हणजे वाहन दुरुस्त करणाऱ्याची सोय झाली आहे. जो ते वाहन माणसांच्या गर्दीतून नेतो, त्याची तेवढी सोय नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: प्रशिक्षण देणे हे उपक्रमाचे आणि कंत्राटदाराचे कर्तव्य आहे, ते आपण का उचलावे? ते कर्तव्य त्यांचेच आहे आणि त्यातून त्यांना सोडवू नये, असे मलाही वाटते. म्हणूनच मी आपल्याकडे केवळ वर्ग मागत नाही, तर १८५२ सारखा करारही मागतो. चालक पाठवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने आपल्याशी लेखी मान्य करावे की वर्गाचे तास हे कामाचे तास धरले जातील. वर्गात झालेल्या चुका आणि चाचणीतले गुण शिस्तभंगासाठी वापरले जाणार नाहीत. आणि आपल्या शिक्षकाने तयार असल्याचे लिहून दिल्याखेरीज त्या चालकाला नव्या बनावटीची बस घेऊन रस्त्यावर पाठवले जाणार नाही. शेवटची अट कंत्राटदाराला जड जाईल. फेऱ्या बुडतील, दंड भरावा लागेल, अशा सबबी येतील. तरीही आपल्या संस्थेचे नाव असलेला कागद नाकारताना त्याला थोडा विचार करावा लागेल, माझ्यासारख्या निवृत्त माणसाचा अर्ज फेटाळताना तो लागत नाही.

कायद्याची बाजूही अनुकूल आहे. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले. त्यांत अवजड वाहनांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम सांगितला आहे आणि आधीच परवाना असलेल्यांसाठी उजळणीचे वर्ग घेण्याचीही मुभा आहे. अवजड वाहनांच्या केंद्रासाठी दोन एकर जागेची अट आहे. ती मुंबईत कोणालाही भारी पडेल, म्हणून पूर्ण केंद्राचा आग्रह मी आज धरत नाही. सुरुवातीला एक वर्गखोली, पॅडलांचा सांगाडा बसवलेली एक खुर्ची आणि आठवड्यातून दोनदा काही तास मोकळे मैदान एवढे पुरेल. पॅडलांचा सांगाडा तर आपले अभियांत्रिकीचे विद्यार्थीच बनवू शकतील, आणि रेस समजून ब्रेक किंवा ब्रेक समजून रेस कितीदा दाबला गेला हे मोजणारे साधे यंत्रही. वर्ग हिंदी आणि मराठीत असावा. वेळ दुपारी दोन ते चार ठेवावी, कारण सकाळची पाळी तेव्हा सुटलेली असते. संध्याकाळचा वर्ग टॅक्सीवाल्यांना चालणार नाही, तोच त्यांच्या धंद्याचा वेळ आहे. कॅमेरा आणि इशारे देणाऱ्या यंत्रणांवर एक तास वेगळा ठेवावा आणि त्यात ती माहिती कुठे साठते, कोण पाहते, हे पुरवठादाराच्या माणसाला चालकांसमोर बसवून सांगायला लावावे.

शिकवायला मी आणि माझे काही निवृत्त सहकारी विनामोबदला येऊ. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी आपण आम्हाला भेटीची वेळ द्यावी, आणि त्या भेटीला कंत्राटी चालकांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी सोबत आणण्याची परवानगी असावी, एवढी विनंती आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त चालक-प्रशिक्षक
कुर्ला, मुंबई